मुंबईचा ०.८ आणि जगाचा ३.७ : समुद्रपातळीचे आकडे कसे मोजतात, कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या १८७८ पासूनच्या नोंदींवरून मुंबईत समुद्र वर्षाला जेमतेम ०.८ मिमी चढलेला दिसतो. उपग्रह जगासाठी साडेतीन मिमीच्या आसपास सांगतात. बातम्यांत तर २०५० पर्यंत अर्धी मुंबई पाण्याखाली असते. यातलं खरं काय? लाटाच मीटरभर उंच असताना मिलिमीटर मोजतात कसे? आणि कोकणातल्या खाडीवर धक्का बांधायचा असेल तर वाढ किती धरायची?

पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि त्यांच्यात भांडण नाही. समुद्रपातळीचा कुठलाही आकडा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्या लागतात: कशाच्या तुलनेत, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि सरासरी पाण्याचा की भरतीच्या पाण्याचा. भरतीमापक पाण्याची उंची शेजारच्या जमिनीच्या तुलनेत मोजतो, उपग्रह पृथ्वीच्या केंद्राच्या तुलनेत. मुंबईचा आकडा शंभराहून जास्त वर्षांचा आहे, उपग्रहांचा १९९३ नंतरचा. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालानुसार जगाची सरासरी वाढ १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला १.३ मिमी, १९७१ ते २००६ मध्ये १.९ मिमी आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिमी होती. मुंबईच्या नोंदीचा मोठा भाग ज्या काळातला आहे, त्या काळात जगाचाच वेग एक-सव्वा मिमी होता. उरलेल्या फरकाचं उत्तर जमिनीच्या हालचालीत आहे, त्याकडे पुढे येतो. आधी मोजणी, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात.

भरतीमापकाच्या पोटात

जुनी रचना साधी आणि हुशारीची आहे. धक्क्याला उभा पाइप बसवतात, त्याला स्टिलिंग वेल म्हणतात. पाइपाच्या तळाशी लहान छिद्र असतं, व्यास साधारण पाइपाच्या दहाव्या हिश्शाएवढा. लाटा पाच ते पंधरा सेकंदांच्या, भरती-ओहोटीचं चक्र १२ तास २५ मिनिटांचं. इतक्या लहान छिद्रातून लाटेचं पाणी आत शिरेपर्यंत ती निघून गेलेली असते, भरती मात्र आरामात आत येते. आत फ्लोट, त्याची तार कप्पीवरून, आणि पूर्वी कागदाच्या ड्रमवर पेन. आज बहुतेक नव्या ठिकाणी पाण्यावर टांगलेला रडार सेन्सर असतो. तो दर सेकंदाच्या आसपास अंतर मोजतो आणि एक किंवा काही मिनिटांची सरासरी नोंदतो, म्हणजे लाटा गणितात गाळल्या जातात. याशिवाय पाण्याखालचे प्रेशर सेन्सर आणि पाइपात आवाजाचा पल्स सोडणारे अकूस्टिक गेज आहेत.

जागतिक जाळ्यात सामील होणाऱ्या केंद्राकडून एका नोंदीत एक सेंटिमीटर अचूकतेची अपेक्षा असते. मग मिलिमीटर कुठून येतो? वर्षात ८,७६० तास असतात. यादृच्छिक चुका सरासरीत विरून जातात. विरत नाहीत त्या हळूहळू एकाच दिशेला सरकणाऱ्या चुका, आणि भरतीमापकाची सगळी काळजी या सरकणाऱ्या चुकांसाठीच घ्यावी लागते.

अशा चुका कुठून येतात? छिद्रावर कालवं-शिंपले धरतात, तळाशी गाळ साचतो. मग आतलं पाणी बाहेरच्या मागे रेंगाळतं. खाडीच्या तोंडाशी दुसरी अडचण: छिद्र खोल असल्यामुळे पाइपातलं पाणी आणि बाहेरचा पाण्याचा थर यांची क्षारता वेगळी राहते, आणि आतली पातळी बाहेरच्यापेक्षा काही सेंटिमीटर वर-खाली बसते. वेगवान प्रवाह छिद्रापाशी दाब कमी करतो आणि आतलं पाणी खाली ओढतो. रडारला विहिरीची भानगड नाही, पण त्याचा झोत धक्क्याच्या खांबावर किंवा खाली बांधलेल्या होडीवर पडला की तो पाण्याऐवजी तेच मोजतो.

हे पकडायची एक जुनी चाचणी आहे, व्हॅन द कॅस्टील चाचणी. प्रत्येक केंद्रावर ती नेमाने व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. उधाणाच्या दिवशी, भरती-ओहोटीच्या एका पूर्ण चक्रात दर पंधरा मिनिटांनी गेजचं वाचन आणि त्याच क्षणी प्रोबने किंवा मोजपट्टीवर घेतलेलं वाचन लिहायचं. उभ्या अक्षावर पाण्याची उंची, आडव्या अक्षावर दोन्ही वाचनांतला फरक मांडायचा. बिंदू शून्यावर सरळ उभ्या रेषेत आले तर गेज निरोगी. रेषा उभीच पण शून्यापासून बाजूला, तर गेजचा शून्य चुकला आहे. रेषा तिरकी, तर मोजमापाचं प्रमाण चुकलं आहे: कप्पीचा घेर, केबलचा ताण किंवा पाण्याची घनता. बिंदूंचं लांबट वर्तुळ झालं, तर घड्याळ चुकलं आहे किंवा छिद्र तुंबलं आहे, कारण पाणी चढताना फरक एका बाजूला जातो आणि उतरताना दुसऱ्या. मुंबईत हे वर्तुळ स्पष्ट दिसतं. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर आणि सरासरी ओहोटी ०.७६ मीटर, म्हणजे कक्षा ३.६६ मीटर. मधल्या टप्प्यात पाणी मिनिटाला जवळपास दीड सेंटिमीटर चढतं, त्यामुळे घड्याळ दोन मिनिटं चुकलं तर वाचन तीन सेंटिमीटरने चुकतं. भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांतल्या साडेपाच तासांपैकी अर्धा तास विसरलेल्या नोंदी तर पहिल्या नजरेतच ओळखू येतात: भाकीत भरती वजा केल्यावर उरलेल्या आलेखात दर सहा तासांनी अर्ध्या मीटरच्या आसपास हेलकावे दिसतात.

गेजइतकाच महत्त्वाचा बेंचमार्क. पाण्याची उंची ज्या तलचिन्हाच्या संदर्भात लिहितात, ते धक्क्यावर असेल आणि धक्का खचत असेल तर समुद्र चढतोय असं दिसेल. म्हणून एक मुख्य बेंचमार्क, शिवाय किमान चार-पाच इतर, त्यांतले काही धक्क्यापासून शेकडो मीटर दूर, पक्क्या खडकात. आणि दरवर्षी सर्वांमध्ये काटेकोर लेव्हलिंग, म्हणजे त्यांच्या उंचीतल्या फरकांची दुर्बिणीने मोजणी. एकच बेंचमार्क हलला तर तो हलला, बाकी सगळे एका बाजूला आणि गेज दुसऱ्या बाजूला गेला तर धक्का हलला. ही वार्षिक वही नसलेल्या केंद्राची पन्नास वर्षांची नोंदसुद्धा दीर्घकालीन कलासाठी मी वापरणार नाही. गेज बदलताना जुना आणि नवा किमान वर्षभर शेजारी-शेजारी चालवावेत, नाहीतर जोडाच्या जागी काही सेंटिमीटरची पायरी तयार होते आणि ती कलात मिसळून जाते.

तासांपासून वर्षांपर्यंत

तासाच्या नोंदींतून आधी भरती-ओहोटी गाळतात. त्यासाठी ३९ तासांच्या नोंदींना ठराविक वजनं देणारा डूडसनचा गाळक अजूनही चालतो. त्यातून दिवसाची, महिन्याची, वर्षाची सरासरी. लिव्हरपूलची पीएसएमएसएल ही संस्था १९३३ पासून जगभरच्या अशा मासिक आणि वार्षिक सरासरी जपते. पंधराहून जास्त दिवसांची नोंद गहाळ असेल तर महिना धरत नाहीत, अकरा महिन्यांहून कमी असतील तर वर्ष धरत नाहीत. कारण उघड आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ऋतूंप्रमाणे पातळी बदलते: कोचीसारख्या ठिकाणी नैर्ऋत्य मोसमात ती खाली असते आणि हिवाळ्यात वर, आणि या बदलाचा एक भाग बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून किनाऱ्याने वर येणाऱ्या लहरींतून येतो. पावसाळ्याचे तीन महिने नोंद बंद पडली तर वर्षाची सरासरी आपोआप एका बाजूला झुकते.

इथून नोंद घेताना पीएसएमएसएलच्या दोन प्रकारच्या फायली दिसतात. कलासाठी फक्त ‘आरएलआर’ वापरा. तिच्यातल्या सगळ्या वर्षांचा संदर्भ एकाच बेंचमार्कशी जोडलेला असतो. त्यात मुंबईची पातळी सात हजार मिमीच्या आसपास दिसली तर दचकू नका, उणे आकडे टाळण्यासाठी शून्य मुद्दाम तितका खाली घेतला आहे.

आता तिसरा प्रश्न, सरासरी की भरती. चंद्राच्या कक्षेचं प्रतल हळूहळू फिरतं, त्याचा एक फेरा १८.६ वर्षांचा असतो आणि त्यात मुख्य चांद्र भरतीची उंची सुमारे ३.७ टक्क्यांनी कमी-जास्त होते. मुंबईत या घटकाचा आयाम, म्हणजे सरासरीपासून वर किंवा खाली जाण्याची उंची, साधारण १.२ मीटर. म्हणजे फेऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या भरत्यांची सरासरी जवळपास नऊ सेंटिमीटर बदलते. २००६ च्या सुमारास हा घटक किमान होता, २०१५ च्या सुमारास कमाल. त्या नऊ वर्षांच्या भरत्या घेऊन रेषा काढली तर समुद्र वर्षाला नऊ-दहा मिमी चढतोय असं दिसेल. पुढच्या नऊ वर्षांच्या घेतल्या तर तो तितकाच उतरतोय असं दिसेल. दोन्ही खोटं. किनाऱ्यावरच्या लोकांना ‘गेल्या काही वर्षांत पाणी जास्त आत येतं’ हे जाणवतं ते खरंच असतं, त्यांच्या अनुभवात खोट नसते. पण त्यातला किती भाग चंद्राचा आणि किती समुद्राच्या वाढीचा, हे वेगळं काढावं लागतं. म्हणून कल काढायचा तो सरासरी पाण्याचा, आणि भरत्यांचाच काढायचा असेल तर किमान एक पूर्ण १८.६ वर्षांचा फेरा घेऊन, त्या चक्राचं पद समीकरणात घालून.

आणखी एक गोष्ट, कारण दर पावसाळ्यात ती छापून येते. ‘आज समुद्रात साडेचार मीटर उंच लाटा’ असं वाचाल तेव्हा तो आकडा लाटेचा नसतो. तो चार्ट डेटमपासून, म्हणजे बंदराच्या सागरी नकाशाच्या शून्यापासून (साधारण सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास), मोजलेल्या भरतीच्या पाण्याचा असतो. अपोलो बंदरला सरासरी समुद्रपातळीच चार्ट डेटमच्या २.५१ मीटर वर आहे. म्हणजे साडेचार मीटरची भरती ही सरासरी पाण्यापेक्षा दोन मीटर वर. मुंबईचे नाले तेव्हा समुद्रात उतरत नाहीत, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. लाटांची उंची त्यावर वेगळी.

किती वर्षांची नोंद पुरते

समजा वार्षिक सरासरीत कलाभोवतीची चढ-उतार ३ सेमी आहे आणि लागोपाठच्या वर्षांतला सहसंबंध ०.४ आहे. वीस वर्षांच्या नोंदीवरून काढलेल्या कलाची प्रमाणित चूक वर्षाला सुमारे १.८ मिमी येते, साठ वर्षांवर ती ०.३ वर येते. म्हणजे वीस वर्षांच्या नोंदीवर ‘३ मिमी’ असा कल निघाला तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा उणे अर्ध्यापासून साडेसहापर्यंत पसरते. सहसंबंध विसरून एक्सेलमधली सरळ रेषेची चूक तशीच उचलली तर ती खऱ्या चुकीच्या दोन-तृतीयांशच दिसते. एका बंदराचा कल सांगायला पन्नास-साठ वर्षं लागतात ती यासाठी.

हिंदी महासागर याचं ठळक उदाहरण देतो. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २००३ या काळात पातळी फारशी चढली नाही, उलट बऱ्याच भागांत उतरली. २००४ नंतरच्या दशकात ती झपाट्याने चढली. त्यात वाऱ्यांच्या दशकीय बदलाचा मोठा हात होता: वारे बदलले की विषुववृत्त ओलांडणारी उष्णता बदलते आणि पाण्याचं प्रसरणही. पहिलं दशक बघून ‘आपल्याकडे वाढ नाही’ म्हणणारा आणि दुसरं बघून ‘जगाच्या दुप्पट वेग’ म्हणणारा, दोघेही घाईत आहेत. १९९३ ते २०१७ असा सलग काळ घेतला तर उत्तर हिंदी महासागराचा वेग वर्षाला ३.३ मिमीच्या आसपास येतो, जगाच्या सरासरीशी जुळणारा.

जमीन हलते

स्टॉकहोमला समुद्र वर्षाला साडेतीन-चार मिमीने उतरताना दिसतो, कारण हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेल्यापासून स्कँडिनेव्हियाची जमीन अजून वर येते आहे. कोलकात्याजवळ डायमंड हार्बरला तो पाच मिमीहून जास्त चढतो, कारण त्रिभुज प्रदेश खचतो आहे आणि नदीचं पात्र बदलतं आहे. दोन्ही ठिकाणचा समुद्र तोच.

भारतीय किनाऱ्यावर हिमयुगाचा हा उशिराचा परिणाम लहान आहे, वर्षाला काही दशांश मिमी, पण ०.८ च्या शेजारी तो लहान राहत नाही. १८७४ ते २००४ या काळातल्या उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या लांब नोंदींना ही दुरुस्ती लावल्यावर वेग १.०६ ते १.७५ मिमी येतो, सरासरी १.२९. विसाव्या शतकातल्या पहिल्या सत्तर वर्षांच्या जागतिक १.३ शी ताडून पाहा. मुंबईचं कोडं इथे बरंचसं सुटतं.

खचणं, भराव, भूजल उपसा हे मात्र मॉडेलमधून येत नाही, ते मोजावंच लागतं. गेजच्या शेजारी सतत चालणारा जीएनएसएस (जीपीएस आणि तत्सम उपग्रहांवरून जागा मोजणारा) रिसीव्हर बसवतात आणि त्याचा अँटेना लेव्हलिंगने मुख्य बेंचमार्कशी जोडतात. उभ्या वेगाचा विश्वासार्ह आकडा यायला पाच-सात-दहा वर्षं द्यावी लागतात. रिसीव्हर दूरच्या इमारतीच्या गच्चीवर असेल आणि लेव्हलिंगची जोड नसेल तर तो फक्त त्या इमारतीची हालचाल सांगतो. भरावाच्या जमिनीवरच्या शहरात हा फरक फार मोठा असू शकतो. उपग्रहावरच्या रडारची इन्सार पद्धत शहराच्या कोणत्या भागात जमीन किती खचते याचा नकाशा देते, पण ती सापेक्ष असते. तिला जमिनीवरचा एखादा जीएनएसएस बिंदू टेकू म्हणून लागतोच.

वरून मोजताना

समुद्राची उंची रडारने मोजणारा टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह ऑगस्ट १९९२ मध्ये सुटला. त्याच कक्षेत पुढे जेसन-१, २, ३ आणि नोव्हेंबर २०२० पासून सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक. कक्षा १,३३६ किमी उंच, दर दहा दिवसांनी तोच मार्ग. रडारचा पल्स जाऊन परत यायला सुमारे ८.९ मिलिसेकंद, त्यात एका मिलिमीटरसाठी ६.७ पिकोसेकंद. अडचण घड्याळाची कमी आणि हवेची जास्त आहे. कोरड्या हवेमुळे सिग्नल सुमारे २.३ मीटर ‘लांब’ होतो, बाष्पामुळे काही सेंटिमीटरपासून चाळीस सेंटिमीटरपर्यंत, आयनांबरामुळे आणखी काही. लाटांचे खोलगट भाग जास्त परावर्तन करतात, त्यामुळे खवळलेला समुद्र असतो त्यापेक्षा खाली दिसतो. ही चूक लाटांच्या उंचीच्या काही टक्के. हवेचा दाब एक मिलिबार वाढला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर दबतं. हे सगळं वजा करून उरतं ते समुद्राचं.

एक उपग्रह संपताना दुसरा त्याच्या मागोमाग, मिनिटाच्या आसपास अंतराने, काही महिने चालवतात, म्हणजे दोघे तेच पाणी त्याच हवेतून पाहतात आणि त्यांच्यातला फरक निघतो. शिवाय जगभरचे भरतीमापक उपग्रहांवर लक्ष ठेवतात. टोपेक्सच्या पहिल्या रडारची १९९३ ते १९९८ मधली सरक अशीच उघड झाली. ती दुरुस्त केल्यावर सुरुवातीच्या वर्षांचा वेग कमी झाला आणि नंतरची वाढ वेग घेते आहे हे स्पष्ट दिसू लागलं. १९९३ मध्ये वर्षाला दोन मिमीच्या जरा वर असलेला वेग तीस वर्षांत साधारण दुप्पट झाला आहे. ‘गेज जुने, उपग्रह नवे’ अशी विभागणी म्हणूनच चुकीची. एकाशिवाय दुसऱ्यावर विश्वास ठेवता येत नाही. इस्रो आणि फ्रान्सच्या सरल-अल्टिका या २०१३ च्या उपग्रहासाठी लक्षद्वीपमधल्या कवरत्तीचं केंद्र वापरलं गेलं ते याच कामासाठी.

किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत जुन्या उपग्रहांच्या नोंदी जपून वापराव्यात. रडारच्या पायठशात, म्हणजे त्याला एका वेळी दिसणाऱ्या भागात, जमीन येते आणि बाष्प मोजणाऱ्या रेडिओमीटरचा पायठसा तर त्याहून मोठा. जेसनच्या शेजारच्या दोन मार्गांमध्ये विषुववृत्तावर सुमारे ३१५ किमीचं अंतर असतं, त्यामुळे जाळीच्या नकाशावरचा ‘मुंबईसमोरचा’ चौकोन पुष्कळदा दूरच्या मार्गांवरून भरलेला असतो. उपग्रहाच्या जागतिक आकड्यात ०.३ मिमीची एक भर असते, कारण महासागराचा तळच किंचित खाली बसतो आहे. गेजशी तुलना करताना ती दोनदा धरू नका.

हे मोजमाप खरं आहे याचा सर्वांत पक्का पुरावा हिशोबाच्या वहीत मिळतो. समुद्रात खाली-वर जाणारे स्वयंचलित आर्गो फ्लोट २,००० मीटर खोलीपर्यंतचं तापमान आणि क्षारता दर दहा दिवसांनी देतात, त्यावरून प्रसरण. ग्रेस आणि २०१८ पासून ग्रेस-एफओ या उपग्रहजोड्या गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून समुद्रात किती पाणी आलं ते तोलतात. सुमारे ३६० अब्ज टन म्हणजे एक मिमी. दोन्हींची बेरीज रडारच्या आकड्याशी अनिश्चिततेच्या आत जुळते. तीन वेगळी यंत्रं, तीन वेगळी तत्त्वं. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीत प्रसरणाचा वाटा निम्मा, हिमनद्यांचा २२ टक्के, बर्फाच्या चादरींचा २० आणि जमिनीवरच्या पाण्याचा ८.

पुढचा अंदाज

जुनी रेषा पुढे ओढणं म्हणजे अंदाज नव्हे. घटक वेगवेगळे मोजतात आणि प्रत्येकाला ठिकाणानुसार वेगळं वजन देतात. ग्रीनलंडचा बर्फ वितळला की त्याचं गुरुत्वाकर्षण घटतं, सुमारे २,००० किमीच्या आत पाणी उलट उतरतं आणि दूर ते सरासरीपेक्षा जास्त चढतं. भारत ग्रीनलंडपासूनही दूर आणि अंटार्क्टिकापासूनही. दोन्हीकडच्या बर्फाचा हिस्सा आपल्याला सरासरीहून थोडा जास्तच येतो. त्यात प्रवाह आणि प्रसरणाचा स्थानिक भाग, हिमनद्या, धरणं व भूजल, आणि जमिनीची उभी हालचाल मिळवायची.

सहाव्या अहवालातले जागतिक आकडे, १९९५ ते २०१४ च्या सरासरीवरून २१०० पर्यंत (एसएसपी म्हणजे पुढच्या उत्सर्जनाच्या कल्पित वाटा): कमी उत्सर्जनाच्या एसएसपी १-२.६ मध्ये ०.३२ ते ०.६२ मीटर, मधल्या एसएसपी २-४.५ मध्ये ०.४४ ते ०.७६, सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या एसएसपी ५-८.५ मध्ये ०.६३ ते १.०१. २०५० साठी वाटांमध्ये फरक थोडाच, साधारण ०.१५ ते ०.२९ मीटर. बर्फाच्या चादरी अपेक्षेपेक्षा लवकर मोडल्या तर सर्वांत जास्त उत्सर्जनात २१०० ला दोन मीटरच्या जवळ जाणं अशक्य म्हणता येत नाही, असंही अहवाल सांगतो. नासाच्या संकेतस्थळावर हेच अंदाज पीएसएमएसएलच्या केंद्रांनुसार, घटकवार मिळतात. मुंबईही त्यात आहे. उतरवताना जमिनीच्या हालचालीचा घटक वेगळा पाहा. तो जुन्या गेज-नोंदींवरून सांख्यिकीने काढलेला असतो, तुमच्या खाडीकाठचा नव्हे. स्थानिक मोजणी असेल तर तो काढून आपला घाला.

खाडीवरच्या धक्क्यासाठी

पहिली गल्लत शून्याची. टोपोशीटवरचं ‘समुद्रसपाटीपासून’ हे १९०९ च्या उभ्या डेटमवरचं असतं, जो कराचीपासून फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ केंद्रांची सरासरी शून्य धरून ठरवला. त्यानंतर समुद्र चढला आहे, शिवाय बंगालच्या उपसागराचं पाणी कमी खारट, म्हणून अरबी समुद्रापेक्षा मुळातच उंच. सगळीकडे शून्य ही सोय होती. चार्ट डेटम प्रत्येक बंदराचा वेगळा. जीपीएसची उंची तिसऱ्याच पृष्ठभागावरून. मुंबईच्या किनाऱ्यावर ती उणे साठ मीटरहून खाली दिसते. कामाच्या नकाशावर एकच शून्य ठरवा आणि बाकीचे त्याच्या वर-खाली किती ते नकाशावरच लिहा.

जागेवर नोंद नसेल तर प्रेशर लॉगर (पाण्याखाली ठेवलेला, दाब नोंदत राहणारा सेन्सर) किमान तीस दिवस ठेवा, म्हणजे उधाण आणि भांग यांची दोन्ही चक्रं येतात. त्याच दिवसांतली जवळच्या प्रमाण बंदराची (जिथे कायमची लांब नोंद आहे अशा बंदराची) नोंद घेऊन सरासरी पातळी तिथून जोडून आणा, कारण एका महिन्याची सरासरी ही वर्षाची नसते. शेजारी बॅरोमीटर हवाच: मुंबईत हिवाळा आणि जून-जुलै यांच्या हवेच्या दाबात दहा मिलिबारच्या आसपास फरक असतो, तो वजा न केलेल्या लॉगरला दहा सेंटिमीटरची खोटी ओहोटी दिसेल. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की घनता १,०२५ वरून १,००० कडे जाते; चार मीटर पाण्याच्या स्तंभात ही चूकही दहा सेंटिमीटरची. क्षारता दिवसातून दोनदा मोजा, वरची आणि तळाची.

मग बेरीज. १९९५ ते २०१४ ची स्थानिक सरासरी पातळी गेज-नोंदीवरून काढा, २.५१ हा छापील आकडा या काळाचा आहे असं गृहीत धरू नका. त्यावर निवडलेल्या वर्षाची वाढ. पण मधला अंदाज जसाच्या तसा घेतला तर धोका कमी लेखला जातो, कारण वाढ अंदाजापेक्षा जास्त निघाली तर पूर येण्याचं प्रमाण घातांकाने वाढतं. म्हणून भर अशी धरतात: मधला अंदाज, अधिक त्याच्या प्रमाण विचलनाचा वर्ग भागिले अतिउंच पाण्याच्या गुम्बेल प्रमाणाची दुप्पट. गुम्बेल प्रमाण म्हणजे पाण्याची उंची वाढत जाते तसं तितकं उंच पाणी किती झपाट्याने विरळ होतं हे सांगणारा, मीटरमधला आकडा. उदाहरणासाठी अंदाज ०.५० मीटर, विचलन ०.२० आणि गुम्बेल प्रमाण ०.१० धरलं तर भर ०.५० नव्हे, ०.७० मीटर येते. याच प्रमाणावर फक्त दहा सेंटिमीटर वाढीने आजच्या उंचीची भिंत ओलांडण्याची वारंवारता २.७ पट होते. कक्षा लहान आणि वादळं क्वचित अशा किनाऱ्यावर हे प्रमाण लहान असतं, म्हणून तिथे तितक्याच वाढीचा तडाखा जास्त बसतो.

खारबंदिस्तीसाठी, म्हणजे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधांसाठी, बांधाच्या उंचीइतकीच उघाडी (पाणी बाहेर सोडणारी झडप) पाहा. शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जायला रोज काही तास मिळतात. सरासरी पातळी वीस-तीस सेंटिमीटर चढली की ते तास घटतात, आणि बांध एकदाही न फुटता शेत खारट होतं. गोव्यातल्या खाजणांनाही हेच लागू आहे. बांध मागाहून उंच करता येतो. उघाडीची संख्या आणि तळपातळी आधीच ठरवावी लागते.

धक्क्याचा वरचा भाग पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्यासाठी असेल तर मधल्या वाटेचा अंदाज आणि वरची भर पुरते. पण पाया आणि खांब असे ठेवा की पुढे अर्धा-पाऊण मीटर उंची वाढवता येईल. रुग्णालय, वीज उपकेंद्र, सांडपाण्याचा मुखमार्ग अशांसाठी सर्वांत जास्त उत्सर्जनाची वरची मर्यादा धरा आणि दोन मीटरची शक्यता निदान एकदा नकाशावर मांडून पाहा.

राहिला बातमीतला नकाशा. असे नकाशे उंचीच्या जागतिक मॉडेलवरून बनतात. त्यातलं जुनं एसआरटीएम मॉडेल दाट शहरात जमिनीऐवजी छपरं आणि झाडं मोजतं, चूक मीटरमध्ये असते. सुधारित मॉडेल वापरलेल्या नकाशांनी जास्त भाग सखल दाखवला तो त्यामुळे, आणि ती सुधारणा योग्यच होती. पण त्या रंगवलेल्या भागातला बराचसा आजही भरतीच्या पातळीखाली आहे आणि बांध, भिंती, उघाड्या, पंप यांच्या आधाराने कोरडा आहे. नकाशात या गोष्टी कुठेच नसतात. तेव्हा नकाशा पाहिला की दोन गोष्टी शोधा: रंग सरासरी पाण्याचा आहे की वर्षातून एकदा येणाऱ्या पुराचा, आणि तीच पद्धत आजच्या पातळीला लावून काढलेला नकाशा सोबत दिला आहे का. दोन्ही नकाशांतला फरक तेवढा समुद्राच्या वाढीचा. आजचा नकाशा दिला नसेल तर त्यावरून जागा विकत घेऊ नका आणि विकूही नका. तालुक्याच्या भूमापकाकडून आपल्या प्लॉटची पातळी जवळच्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून लेव्हलिंगने आणून घ्या.